खाण हिरवी झाली म्हणजे बरी झाली का?

पनवेलच्या आसपास राहणाऱ्या माणसाला डोंगर कापला जाण्याचे फारसे नवल वाटत नाही. नवी मुंबई उभी राहिली ती इथल्या काळ्या दगडावर. रस्त्यातली खडी, पायातला डबर, भरावाचा मुरूम, सिमेंटमध्ये मिसळायची कच, हे सारे जवळपासच्या टेकड्यांतून आले. पारसिकची डोंगररांग खाणींनी पोखरली गेली, पनवेल तालुक्यात क्रशर धडधडत राहिले, आणि विमानतळासाठी उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी सुरुंग लावून जवळजवळ जमिनीबरोबर करण्यात आली. त्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तयार झालेला हा बेसाल्ट शहराला लागणारच, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आम्हाला बोलायचे आहे ते दगड काढून झाल्यानंतरच्या जमिनीबद्दल. खाणपट्ट्याची मुदत संपते, यंत्रे दुसऱ्या टेकडीकडे जातात आणि मागे एक उभी कडा, डंपरांनी चेपलेला तळ, बाजूला टाकलेल्या माती-मुरुमाचे ढिगारे आणि पावसाच्या पाण्याने भरलेला खड्डा एवढे उरते. याचे पुढे काय करायचे?

आपल्याकडे याला एक तयार उत्तर आहे: झाडे लावा. सरकारी अटींत ते आहे, कंपन्यांच्या अहवालांत ते आहे आणि शाळांकडे येणाऱ्या पत्रांतही ते आहे. १९५० साली वनमहोत्सव सुरू झाला तेव्हापासून झाड लावणे हे आपल्याकडे पुण्यकर्म ठरले. महाराष्ट्राने २०१६ ते २०१९ या चार वर्षांत २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी अशी चढती उद्दिष्टे ठेवून तो कार्यक्रम राबवला. झाडाला विरोध करणारा माणूस सहसा सापडत नाही, आणि म्हणूनच या उत्तराची नीट तपासणीही होत नाही. ती इथे करून पाहावी असा विचार आहे. शिक्षकांसाठी हा प्रश्न नुसता माहितीचा नाही. एक जुलैला मुलांच्या हातात रोप देऊन त्यांना बंद खाणीकडे न्यायचे की नाही, हे शेवटी त्यांनाच ठरवावे लागते.

पनवेलच्या पूर्वेकडच्या एका बंद खाणीत आम्ही काही पावसाळे जात आहोत. तिचे नाव मुद्दामच देत नाही. तिथे कोणे एके काळी तळावर रोपे लावली होती. तळ म्हणजे अखंड कातळ. त्यात पहारीने वीतभर खळगा करायचा, विकतची माती भरायची आणि पिशवीतले रोप त्यात बसवायचे. पावसाळाभर त्या खळग्यांत पाणी तुंबते आणि मुळे कुजतात. त्यातून वाचलेले रोप मार्च-एप्रिलमध्ये वाळते, कारण कुंडीएवढ्या मातीतले पाणी तोवर संपलेले असते. काळा कातळ मे महिन्याच्या दुपारी पन्नास अंश सेल्सिअसच्या वर तापतो. आता त्या ओळींतली मोजकीच झाडे उभी आहेत, आणि ती बहुतेक गिरिपुष्पाची आहेत. पण तिथून शंभर पावलांवर, जिथे कोणी काहीच लावले नाही, त्या मुरुमाच्या ढिगाऱ्यावर पावसाळ्यात कुसळी गवत कमरेएवढे वाढते. त्यात तेरडा आहे, कुर्डू आहे, पांढऱ्या कुड्याची आणि करवंदाची झुडपे आहेत. कड्याच्या फटींत पिंपळ आणि उंबर आहेत. ते पाखरांनी आणले. एकाच खाणीत लावलेली जागा मागे पडते आणि न लावलेली जागा पुढे जाते. असे का व्हावे?

याचे उत्तर शोधताना आधी आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या एका चित्राशी भांडावे लागते. परिस्थितिकीय अनुक्रमणाचे चित्र सर्वांच्या ओळखीचे आहे. डावीकडे उघडा खडक, त्यावर खडकाला चिकटलेले शैवाक (म्हणजे आपल्या दगडफुलाचे भाऊबंद), मग पानांसारखे शैवाक, मग हरिता, मग गवत, झुडपे आणि शेवटी उजवीकडे घनदाट अरण्य. जिन्याच्या पायऱ्या चढाव्यात तसे. या चित्राची मुळे शंभर वर्षांपूर्वीची आहेत. अमेरिकेत हेन्री काउल्स यांनी १८९९ मध्ये मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवरील वनस्पतींचा क्रम मांडला. फ्रेडरिक क्लेमंट्स यांनी १९१६ मध्ये त्याचा मोठा सिद्धांत केला: वनस्पतिसमूह हा जणू एक जीव आहे, तो जन्मतो, वाढतो आणि ठरलेल्या प्रौढावस्थेला पोहोचतो. हेन्री ग्लीसन यांनी १९२६ मध्येच याला हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, प्रत्येक जाती आपापल्या सोयीने येते आणि जाते. कोणते बी आधी पोहोचले आणि कुठे पडले यावर पुष्कळ काही अवलंबून असते. पुढच्या संशोधनाचा कौल बराचसा ग्लीसन यांच्या बाजूने पडला. पाठ्यपुस्तकातले चित्र मात्र क्लेमंट्स यांच्याकडेच राहिले.

आमच्या खाणीत शैवाकांची वाट पाहत कोणी थांबलेले नाही. पिंपळ थेट कातळाच्या फटीत उगवला, मधल्या चार पायऱ्या गाळून. सुरुंगाने खडकाला भेगा पडतात, भेगांत धूळ आणि कच साचते, पावसाचे पाणी तिथे जरा जास्त दिवस टिकते, आणि मुळाला एवढे पुरते. उलट तळाचा सपाट कातळ, जिथे डंपर फिरून फिरून भेगासुद्धा बुजल्या आहेत, तो वर्षानुवर्षे तसाच आहे. म्हणजे एकाच खाणीत एकाच वेळी तीन-चार वेगवेगळी अनुक्रमणे वेगवेगळ्या वेगाने चालू असतात. चित्रातला जिना एकच असतो. मुलांना तो शिकवू नये असे नाही, पण शिकवून झाल्यावर त्यांना शाळेमागच्या दरडीकडे न्यावे आणि चित्र कुठे जुळत नाही ते शोधायला सांगावे. (अर्थात चित्र उरले असेल तर. एनसीईआरटीने २०२२ मध्ये अभ्यासक्रम हलका करताना बारावीच्या जीवशास्त्रातून अनुक्रमणाचा भागच वगळला. चुकीचे चित्र दुरुस्त तरी करता येते, गाळलेल्या चित्राचे काय करणार?)

दुसरी गोष्ट नत्राची. ती आम्हाला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते आणि ती वर्गात सांगायला सोपीही आहे. बेसाल्टमध्ये वनस्पतीला लागणारे जवळजवळ सर्व काही आहे. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर आहे. पोटॅशियम आणि स्फुरद थोडे आहे. खडक झिजेल तसे ते मोकळे होते. नाही ते फक्त नत्र. नत्राचा साठा हवेत आहे, खडकात नाही. जमिनीत तो येतो जिवंत वस्तूंमार्फत. सुपीक जमिनीतले नत्र म्हणजे मेलेल्या पिढ्यांची शिल्लक. खाणीतून वरची माती काढून टाकली की ती शिल्लक एका दिवसात जाते.

ब्रिटिश परिस्थितिकीतज्ज्ञ अँथनी ब्रॅडशॉ यांनी खाणीच्या ढिगाऱ्यांवर आयुष्य घालवले. कॉर्नवॉलमधील चिनी मातीच्या खाणींचे पांढरे ढिगारे आपोआप कसे हिरवे होतात याचा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. वनस्पतिसमूहाला स्वतःच्या बळावर उभे राहायचे तर जमिनीत हेक्टरी सुमारे १००० किलो नत्र साठावे लागते, असा त्यांचा अंदाज होता. तो समशीतोष्ण प्रदेशाचा आहे. आपल्याकडे आकडा वेगळा निघेल. पण हिशोबाची रीत तीच. पावसाबरोबर वर्षाला हेक्टरी १० किलो नत्र येते असे धरले आणि त्यातले काहीच वाहून गेले नाही असेही मानले, तर १००० किलोला शंभर वर्षे लागतील. आता त्याच जमिनीवर मुळांच्या गाठींत जिवाणू बाळगणाऱ्या शेंगावर्गीय वनस्पती आल्या आणि त्यांनी वर्षाला १०० किलो नत्र बांधले, तर दहा वर्षांत काम होईल. शंभर वर्षांची दहा वर्षे करणारी ही वनस्पती झाडच असली पाहिजे असे मुळीच नाही. कोकणच्या उतारांवर आणि सड्यांवर पावसाळ्यात उगवणारा कवला किंवा खुळखुळा हे काम करतो. अमेरिकेत सेंट हेलेन्स हा ज्वालामुखी १८ मे १९८० रोजी फुटला. त्यानंतर राखेच्या आणि प्यूमिसच्या उजाड मैदानावर पुढच्याच वर्षी सापडलेली पहिली वनस्पती ही एक छोटी शेंगावर्गीय ल्युपिन होती. एक सावधगिरी मात्र बाळगावी. शेंगावर्गीय म्हणजे गाठी असणारच असे नाही. खाणीत आणि रस्त्याकडेला हवा तेवढा उगवणारा आपला टाकळा याच वर्गातला, पण त्याच्या मुळांवर गाठी धरत नाहीत. मुलांना दोन्ही उपटून दाखवावे.

हे कळल्यावर वृक्षारोपणाच्या बाजूनेही न्याय करता येतो, आणि तो करायला हवा. खाणीच्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ, सुबाभूळ किंवा गिरिपुष्प लावणारे वनाधिकारी मूर्ख नव्हते. ही तिन्ही झाडे शेंगावर्गीय आहेत, नत्र बांधतात, निकृष्ट जमिनीत झपाट्याने वाढतात. त्यातल्या ऑस्ट्रेलियन बाभळीला गुरे तोंड लावत नाहीत. गोव्यात एक टन लोहखनिज काढायला अडीच-तीन टन माती-दगड बाजूला टाकावे लागत. ते ढिगारे पावसात वाहून खालच्या भातशेतीवर पसरत. ज्याच्या खाचरात लाल चिखल येऊन बसला आहे त्याला, निसर्गाला वीस वर्षे द्या, असे सांगणे क्रूरपणाचे ठरले असते. तिथे माती आधी धरून ठेवणे हेच महत्त्वाचे होते, आणि ऑस्ट्रेलियन बाभळीने ती धरली. नागपूरच्या नीरी या संस्थेतील आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातला प्रेसमड आणि निवडक जिवाणू-बुरशी वापरून झाडे वाढवून दाखवली. धातूंचे अंश असलेल्या ढिगाऱ्यावर हात जोडून बसण्यापेक्षा असा हस्तक्षेप बरा.

आमचा आक्षेप यापुढचा आहे. पहिल्या पाच वर्षांच्या उपायाला आपण कायमचा मुक्काम समजलो. ऑस्ट्रेलियन बाभळीची जाड पाने सावकाश कुजतात आणि त्यांचा थर साचतो. दाट सावलीत गवत येत नाही. गिरिपुष्प मध्य अमेरिकेतले आणि सुबाभूळ मेक्सिकोकडची, इथल्या किड्या-पाखरांची त्यांच्याशी पिढ्यांची ओळख नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवर हे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. तिथे गिरिपुष्पाची लागवड आहे आणि जुन्या दगडखाणीचा खड्डाही आहे. टेकडीवरचे पक्षीनिरीक्षक गिरिपुष्पाच्या रांगांखाली फारसे रेंगाळत नाहीत, ते पाणी साचलेल्या खाणीच्या काठाशी जाऊन बसतात. शृंगी घुबडासारखा मोठा पक्षी जुन्या खाणींच्या कपारींत घरटे करतो. खाणीची उभी कडा आपल्याला जखम वाटते. घुबडाला तो फक्त कडा आहे. खाण सपाट करून तिच्यावर बाग केली तर आपल्याला बरे वाटते, आणि घुबडाचे घर जाते.

तर मग सोडून द्यावे का निसर्गावर? या प्रश्नावर सर्वांत उपयोगी काम झाले आहे ते चेक प्रजासत्ताकात, आणि योगायोगाने बेसाल्टच्याच खाणींत. कारेल प्राख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सोडून दिलेल्या खाणींतील वनस्पतींचा अनेक वर्षे मागोवा घेतला. यान नोवाक आणि प्राख यांच्या २००३ मधील अभ्यासात असे दिसले की, साधारण वीस वर्षांत तिथे मूळच्या निसर्गाशी नाते सांगणारा वनस्पतिसमूह तयार होतो, कोणी एक रोप न लावता. पण त्याला एक अट आहे. त्या भागातल्या मूळच्या गवताळ समूहातील जाती खाणीत येतात की नाही, हे तसा समूह खाणीच्या सुमारे ३० मीटरच्या आत शिल्लक आहे की नाही यावर अवलंबून होते. तीस मीटर म्हणजे कबड्डीच्या दोन-तीन मैदानांची लांबी. बिया फार लांबून येतात ही आपली कल्पना काही जातींबाबतच खरी आहे. १८८३ मध्ये क्राकाटोआ बेट ज्वालामुखीने भाजून निघाले, तरी समुद्र ओलांडून तिथे पन्नास वर्षांत पुन्हा जंगल उभे राहिले, हे उदाहरण नेहमी दिले जाते. पण तिथे आधी पोहोचले ते वाऱ्यावरचे नेच्यांचे बीजाणू, लाटांवरच्या किनारी वनस्पती आणि पाखरांच्या पोटातले उंबरवर्गीय. जड बियांची अरण्यातली झाडे मागे राहिली ती राहिलीच.

चेक टेकड्यांवर पाऊस थोडा, पनवेलला वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर आणि तोही चार महिन्यांत. त्यामुळे त्यांची वीस वर्षे आपण उसनी घेऊ नयेत. शेजाराचा नियम मात्र घ्यावा. कर्नाळ्याच्या अभयारण्याकडे तोंड करून असलेल्या खाणीला ऐन, कुडा, सावर यांचे बी वाऱ्यावर मिळेल आणि बुलबुलांकरवी उंबर-करवंदाचे मिळेल. महामार्गाच्या कडेच्या, चहूबाजूंनी भूखंड पाडलेल्या खाणीला काय मिळणार? रानमोडी, घाणेरी आणि सुबाभूळ. निसर्ग आपोआप भरून काढतो हे खरे, पण शेजारी जे असेल त्यानेच भरतो. जंगलातली रानमोडी आपोआप आली म्हणून ती नैसर्गिक पुनरुज्जीवन ठरत नाही. नैसर्गिक पुनरुज्जीवनाचे जे भक्त आहेत (आणि आम्ही त्यांच्या बाजूला झुकतो हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल) ते ही गोष्ट हळू आवाजात सांगतात. गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानाची जागा पूर्वी खाणीची होती. २०१० पासून तिथे विलायती बाभूळ हटवून अरवलीच्या स्थानिक जाती मुद्दाम लावण्यात आल्या, कारण आसपास त्यांचे बी देणारे फारसे काही उरलेच नव्हते. तिथे लावणे बरोबर होते. पण काय लावायचे हे ठरवण्याआधी इथे पूर्वी काय होते, हे कोणीतरी विचारले होते.

कायद्याच्या भाषेत एक शब्द असा आहे की ज्याकडे लक्ष वेधल्याशिवाय राहवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. दगडखाणी त्यात आल्या. पुढे ८ जानेवारी २०२० रोजी त्याच न्यायालयाने असे सांगितले की, खाणकाम संपल्यावर पट्टेदाराने खणलेल्या जागेवर आणि खाणीमुळे बिघडलेल्या इतर जागेवर पुन्हा गवत आणावे, आणि जमीन चारा, वनस्पती व प्राणी यांच्या वाढीस योग्य करावी. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्याच महिन्यात ही अट मंजुऱ्यांना लागू केली. गवत! झाड नव्हे. न्यायालयाने परिस्थितिकीचे पुस्तक उघडून हा शब्द निवडला की चाऱ्याचा विचार करून, हे आम्ही सांगू शकत नाही, पण शब्द अचूक आहे. उघड्या मुरुमावर माती धरायला गवताच्या तंतुमय मुळांसारखे दुसरे काही नाही. गुराख्याला आणि धनगराला ते लागते. पुढे येणाऱ्या कुड्या-करवंदाच्या रोपांना ते पहिली सावली देते. असे असूनही आपल्याकडचा मोजमापाचा कागद रोपांची संख्या विचारतो. किती लावली, किती जगली. कुसळी-मारवेलने धरलेला उतार त्या कागदावर रिकामा दिसतो आणि गिरिपुष्पाच्या चार ओळी भरलेल्या दिसतात. मोजमाप बदलले नाही तर शब्द कितीही चांगला असला तरी तो मंजुरीच्या पत्रातच राहील.

यात आणखी एक धोका आहे. निसर्ग स्वतः करतो असे आपण म्हणू लागलो की, खाण चालवणारा ते आनंदाने ऐकेल. काही करायला नको, काही खर्च नको, गेट बंद करून निघून जायचे! म्हणून स्पष्ट सांगायला हवे की, निसर्गाला सोपवण्याआधीची कामे माणसाचीच आहेत आणि ती खाण चालू असतानाच करायची असतात. वरची माती पहिल्या दिवशी वेगळी काढून झाकून ठेवायची, कारण तिच्यात नत्राबरोबर हजारो बिया असतात. शंभर फुटांची सलग भिंत न ठेवता कडा पायऱ्यांनी उतरवायचा. डंपरांनी चेपलेला तळ दात्यांनी फोडायचा, म्हणजे पाणी मुरेल आणि मूळ शिरेल. एवढ्या एका कामाने तळाचे नशीब बदलू शकते. ढिगाऱ्यावर दोन-चार वाळक्या फांद्या रोवल्या तरी पाखरे त्यावर बसतात आणि बी टाकून जातात, याला काहीच खर्च येत नाही. आणि खड्ड्याला कुंपण. दर पावसाळ्यात बंद खाणीत पोहायला गेलेली मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. खाणीच्या पाण्याला नदीसारखा उतरता काठ नसतो. पहिल्या पावलालाच पाय सुटतो. उतरता काठ केला तर मूल वाचते आणि बेडकांना, पाणवनस्पतींनाही तो लागतोच. इथे सुरक्षितता आणि परिस्थितिकी यांची मागणी एकच आहे, हे किती क्वचित घडते!

आमच्या त्या खाणीला सध्या धोका आहे तो दुष्काळाचा नाही, राडारोड्याचा. पनवेल-नवी मुंबईत जुनी इमारत पाडली की तिचे तुकडे कुठेतरी टाकावे लागतात आणि बंद खाण कागदोपत्री पडीक जमीन असते. रात्री डंपर येतो, कुसळीच्या उतारावर विटा, टाइल्स आणि प्लास्टिक ओतून जातो. कितीतरी पावसाळ्यांत साठलेले नत्र एका खेपेखाली गाडले जाते. पडीक या शब्दाचीही कोणीतरी तपासणी करायला हवी. सातबाऱ्यावर जे पडीक दिसते ते कामाला लागलेले असू शकते.

आता शिक्षकांनी करण्याजोगे. मुलांना चालू किंवा नुकत्याच बंद झालेल्या खाणीत नेऊ नये. कडे सैल असतात आणि पाणी खोल असते. त्याऐवजी वय माहीत असलेली कापणी शोधावी. पनवेलच्या मुलांना ती बसच्या खिडकीतून दिसते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो आणि २००२ मध्ये तो पूर्ण खुला झाला. त्याच्या कापलेल्या दरडींना आता पाव शतक होत आले. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ चा, म्हणजे त्याच्या कापणीला दीडशेहून अधिक वर्षे झाली. एकाच खडकातल्या, पण वेगवेगळ्या वयाच्या जागा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर एका दुपारी शतकाचा अंदाज येतो. बनारस हिंदू विद्यापीठातील ए. के. झा आणि जे. एस. सिंह यांनी कोळशाच्या खाणींच्या वेगवेगळ्या वयाच्या ढिगाऱ्यांवर हीच रीत वापरली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या रीतीतली खोच वरच्या वर्गातल्या मुलांना काढायला सांगावी: जुनी आणि नवी जागा फक्त वयानेच वेगळी आहे, हे आपण कशावरून म्हणतो? घाटातल्या काही दरडींवर २०१५ नंतर तारेच्या जाळ्या बसल्या, काही ठिकाणी गुरे चरतात, काही ठिकाणी वणवा लागतो.

गावात तालुक्याच्या रस्त्याची जुनी, बुटकी कापणी असेल तर तिथे प्रत्यक्ष मोजता येईल. सुतळीने एक मीटर लांब-रुंद चौकोन आखावा; एक फटीवर, एक सपाट कातळावर, एक पायथ्याशी साचलेल्या मुरुमावर. ऑगस्टअखेर जावे, तेव्हा गवत फुलोऱ्यावर येऊ लागते आणि ओळखायला सोपे पडते. प्रत्येक चौकोनात किती जाती, त्यांतल्या वाऱ्याने आलेल्या किती, पाखरांनी आणलेल्या किती, माणसाने आणलेल्या किती, आणि उपटून पाहिल्यावर मुळांवर गाठी कोणाच्या, एवढे टिपावे. गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी निघाली तर ती नत्र बांधत आहे, पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाही. मग तीस मीटर चालत जावे आणि तिथे काय वाढते ते लिहावे. पुढच्या ऑगस्टमध्ये सुतळी त्याच जागी आखता यावी म्हणून कोपऱ्यावरच्या दगडाला रंगाची खूण करून ठेवावी.